सातारचा उतार, सांगलीची सपाटी : लाँगबोर्डला ट्रक कोणता बसवावा?

गेल्या दिवाळीत मामेभाऊ सांगलीहून आपला लाँगबोर्ड घेऊन साताऱ्याला आला. विश्रामबागेतल्या सपाट रस्त्यांवर वर्षभर चालवलेला बोर्ड, नुसता अंगठा दाबला तरी वळायचा. पहाटे आम्ही साताऱ्यातल्या 'चार भिंती' या ठिकाणाकडून खाली येणाऱ्या उतारावर गेलो. पन्नास-साठ पावलं गेला असेल नसेल, बोर्ड डावी-उजवी असा लटपटायला लागला. त्याने सरळ बाजूच्या गवतात उडी टाकली. कोपर सोलवटलं, बाकी ठीक. उठल्यावर म्हणाला, "दादा, बोर्डच खराब आहे." बोर्ड खराब नव्हता. त्याचे ट्रक सांगलीला शोभणारे होते, साताऱ्याला नाही.

पहिला लाँगबोर्ड बांधताना सगळे डेकचा, म्हणजे उभं राहायच्या फळीचा, आकार आणि त्यावरचं चित्र बघतात. ट्रक म्हणजे चाकांना डेकशी जोडणारं लोखंड, एवढीच त्याची किंमत धरतात. खरं तर तुमच्या झुकण्याचं वळण किती करायचं, हे तोच ठरवतो. म्हणून दुकानात किंवा ऑनलाइन यादी उघडण्याआधी आपल्या दारापुढचा रस्ता नीट बघा.

मुख्य दोन जाती आहेत, आणि त्या किंगपिनवरून, म्हणजे ट्रकच्या मधल्या जाड बोल्टवरून, ओळखायच्या. पारंपरिक किंगपिनचा ट्रक, म्हणजे टीकेपी, रस्त्यावरच्या साध्या स्केटबोर्डला असतो. त्याचा किंगपिन बोर्डच्या आतल्या बाजूला झुकलेला असतो. उलट किंगपिनच्या म्हणजे आरकेपी ट्रकमध्ये तो बाहेर, नाकाकडे आणि शेपटीकडे तोंड करतो. आरकेपी उंच असतो, वळण एकसारखं चढत जातं आणि वेगात जास्त भरवशाचा वाटतो. टीकेपी बसका, हलका, आणि काँक्रीटच्या कडेवर घासत नेण्यासाठी घडवलेला. १९७८ पासून ट्रक बनवणाऱ्या इंडिपेंडंटचा १४९ नंबरचा ट्रक साडेआठ इंची डेकला बसतो. कट्टे, पायऱ्या, उड्या हे तुमचं वेड असेल तर तसाच काहीतरी घ्या. मग तुम्हाला लाँगबोर्डची फारशी गरजही नाही, म्हणून टीकेपीवर मी इथेच थांबतो.

आरकेपीत खरा प्रश्न बेसप्लेटच्या, म्हणजे डेकला स्क्रूने बसणाऱ्या भागाच्या, कोनाचा. पॅरिस कंपनीचे ट्रक ५० आणि ४३ अंशांत मिळतात, कॅलिबर कंपनीचे ५० आणि ४४ मध्ये. सहा-सात अंशांनी काय होतंय, असं मलाही वाटायचं. हिशोब करून बघितला तेव्हा पटलं. ४५ अंशांवर झुकणं आणि वळणं जवळपास बरोबरीचं असतं. डेक १० अंश झुकवला तर ५० अंशी ट्रक १२ अंशांच्या आसपास वळतो, ४४ अंशी साडेनऊच्या आसपास, आणि २० अंशी बेसप्लेट असेल तर जेमतेम साडेतीन. सपाटीवर हा फरक सुखाचा असतो. कमी कष्टात मोठं वळण मिळतं. उतारावर मात्र पायाची छोटीशी चूक ५० अंशी ट्रक मोठी करून चाकांपर्यंत पोचवतो. तुम्ही ती सावरायला उलट्या बाजूला झुकता, ट्रक तेही मोठं करतो, आणि लटपट वाढत जाते. त्यातून मागचा ट्रकही पुढच्याइतकाच वळत असला तर शेपूट स्वतःच बोर्ड हलवायला लागते. भावाचं नेमकं हेच झालं: दोन्हीकडे ५० अंश, बुशिंग (किंगपिनवरचे दट्टे) मऊ, आणि घाबरून वजन मागच्या पायावर.

तेव्हा सांगली, मिरज, कुपवाडच्या वाचकांनी, म्हणजे ज्यांच्याकडे उतार म्हणून फक्त पुलाचा चढ-उतार आहे त्यांनी, बिनधास्त ५० अंशी, १८० मिलिमीटर हँगरचा (चाकांचा दांडा धरणारा आडवा भाग म्हणजे हँगर) आरकेपी घ्यावा. पाय मारत लांब जायला, रुंद रस्त्यावर नागमोडी कार्व्हिंग करायला आणि डेकवर पावलं टाकत डान्सिंग करायला यासारखा जोडीदार नाही. डेक नऊ-दहा इंच रुंद असेल तर १८०, आठ-नऊ इंच असेल तर १५०. हँगर डेकपेक्षा फार बाहेर आला तर पाय मारताना मागचं चाक टाचेला लागतं.

साताऱ्यात राहणाऱ्यांनी ४३-४४ अंशांकडे वळावं, निदान मागच्या बाजूला तरी. पुढे ५० आणि मागे ४४ ही जोडी मला स्वतःला सगळ्यात आवडते: वळण पुढून येतं, शेपूट शांत राहते. डाऊनहिलवाले पुढे जाऊन मागे २०-३० अंशांपर्यंत उतरतात आणि १३० मिलिमीटरच्या आतले अरुंद, मशीनवर कोरलेले ट्रक लावतात. ते ओतीव ट्रकच्या कितीतरी पट महाग पडतात, आणि त्यांचा फायदा कळण्याइतका वेग आपल्या गावात सुरक्षितपणे गाठायला जागा नाही. यवतेश्वर घाट डोळ्यांना कितीही खुणावत असला तरी तो कासला जाणारा वाहता रस्ता आहे. वळणापलीकडून एसटी येते की जीप, हे दिसत नाही. फुलांच्या हंगामात तर विचारूच नका. रस्ता अधिकृतपणे बंद केलेला नसेल तर तिथे बोर्डवर उभं राहू नका. हे मी कळकळीने सांगतोय. कॉलनीतला, समोर दिसणारा, खाली सपाट होत जाणारा उतार शोधा, आणि हेल्मेट घालूनच उतरा.

सर्फस्केटचा, म्हणजे सर्फिंगच्या चालीने वळणाऱ्या बोर्डचा, ट्रक हा तिसराच प्रकार. कार्व्हर कंपनीच्या सी-७ मध्ये पुढच्या ट्रकला आडवा फिरणारा हात असतो आणि आत स्प्रिंग. कंबर फिरवून, जमिनीला पाय न लावता वेग धरता येतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासभर घाम काढायला झकास. पण उतारावर त्याला अजिबात नेऊ नका. पुढची बाजू इतकी मोकळी असते की ५० अंशी ट्रक त्याच्यापुढे गरीब वाटेल.

आणि आता ते, जे मला सगळ्यात आधी कुणीतरी सांगायला हवं होतं: नवे ट्रक घेण्याआधी बुशिंग बदला. किंगपिनवर चढवलेले हे दोन रबरासारखे दट्टे ट्रकच्या किमतीच्या मानाने अगदी स्वस्त असतात. कंपनीतून येतात ते मधल्या वजनाच्या माणसासाठी. साधारण साठ किलोच्या आत असाल तर ८० ते ८५ए (हे कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं बुशिंग कडक), साठ ते ऐंशीत ८५ ते ९०ए, त्यावर ९० च्या पुढे. उतारावर जाणार असाल तर आणखी एक पायरी कडक. शंकूच्या आकाराचं बुशिंग जास्त वळू देतं, पिंपाच्या आकाराचं आधार देतं. मऊ बुशिंग नट आवळून कडक करायचा मोह होतो. तसं केलं की ते पिळवटून फुगतं, कडेला भेगा पडतात आणि बोर्ड मधोमध सरळ उभाही राहत नाही. मी एक जोडी अशीच वाया घालवली. काढली तेव्हा वॉशरच्या कडेने अर्धा दट्टा कापला गेला होता.

एका विक्रेत्याकडून मी अगदी स्वस्तातला संपूर्ण बोर्डही घेतला होता. त्याचा हँगर पिव्हट कपात, म्हणजे बेसप्लेटमधल्या त्याच्या खोबणीत, इतका सैल होता की हाताने हलवला तरी खडखडायचा. तेव्हापासून नवा ट्रक हातात आला की आधी तेच बघतो: हँगरचं टोक कपात घट्ट बसलंय का, आणि ॲक्सलवर चाक फिरवलं तर ते डुगडुगतं का.

पान्यांचं मात्र आधीच जमवून ठेवा. किंगपिनचा नट ९/१६ इंची असतो, म्हणजे सव्वाचौदा मिलिमीटरच्या किंचित वर. गॅरेजमधला चौदाचा पाना त्यावर चढत नाही, पंधराचा घसरून कोपरे गोल करतो. ॲक्सलच्या अर्ध्या इंची नटाला तेराचा चालतो. मला ९/१६ चा पाना शेवटी जुने ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे मिळाला.

त्याच पान्याने भावाचा मागचा ट्रक सोडवला, माझ्याकडची ४४ ची बेसप्लेट आणि ९०ए ची बुशिंगं चढवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच उतार तो गुडघे वाकवून, वजन पुढच्या पायावर ठेवून उतरला. खाली येऊन पहिला प्रश्न विचारला, "सांगलीत हे जड नाही ना पडणार?" थोडं पडेल. म्हणून जुनी बेसप्लेट आणि मऊ बुशिंगं डब्यात घालून त्याच्याबरोबर दिली. बदलायला वीस मिनिटं लागतात. फक्त नट परत बसवताना किंगपिनचे एक-दोन आटे नटाच्या बाहेर दिसेपर्यंत आवळायचा. आटे आतच राहिले तर आधी बुशिंगची उंची तपासायची, तसाच बोर्ड रस्त्यावर न्यायचा नाही.