गोणपाटाची बाहुली आणि ‘आजीनं शिवलेलं’ जाकीट

फ्लोरिडात राहणाऱ्या किंवा फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहितेय. फ्लोरिडातल्या सेमिनोल या मूळ रहिवासी जमातीच्या नावावर रस्तोरस्ती बाहुल्या आणि रंगीत पट्ट्यांची जाकिटं विकायला असतात. ती घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे ४६० डॉलर गेले: १४० बाहुलीचे आणि ३२० जाकिटाच्या आगाऊ रकमेचे.

विकणारा ऑर्लंडोच्या दक्षिणेला, हायवेलगतच्या शनिवार-रविवारच्या बाजारात टेबल मांडून बसायचा. बोलण्यात एकदम पटाईत. वस्तूला हातही न लावता त्यानं आधी सेमिनोलांचा लढवय्या नेता ऑसिओला याची गोष्ट सांगितली. १८३७ साली पांढरं निशाण लावून बोलणीला आलेल्या ऑसिओलाला अमेरिकी लष्करानं सेंट ऑगस्टीनजवळ दग्यानं पकडलं आणि पुढच्या जानेवारीत तो फोर्ट मोल्ट्रीच्या कैदेत वारला. तीन युद्धं झाली तरी फ्लोरिडातल्या सेमिनोलांनी शरणागतीच्या तहावर सही केली नाही आणि उरलेली काहीशे माणसं एव्हरग्लेड्सच्या दलदलीत तग धरून राहिली. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. बिग सायप्रस या सेमिनोलांच्या राखीव प्रदेशातलं आह-ताह-थी-की संग्रहालय मी आधी पाहिलं होतं, त्यामुळे माणूस माहितगार वाटला. शिवाय दगा झालेल्या वीराची गोष्ट म्हटली की आपण मराठी माणसं जरा विरघळतोच. त्याची युक्तीच ती होती. इतिहास खरा सांगायचा आणि त्याच्या आडून माल खोटा खपवायचा.

ही बाहुली ‘घराण्यात शंभर वर्षं जपलेली’, असं तो म्हणाला. खऱ्या सेमिनोल बाहुलीचं अंग पामेटो या झुडपी ताडाच्या धाग्यांचं असतं. देठाला गुंडाळलेलं तपकिरी, जाळीदार आवरण सोलून काढतात, त्याचंच अंग आणि त्याचंच भरण. वर पट्ट्यांचा झगा आणि गळ्यात मण्यांच्या माळा. माझ्या बाहुलीचा चेहरा तपकिरी, खरखरीत होता आणि बाकीचं सगळं झग्याखाली झाकलेलं. सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी ती हातात घेतली, झगा वर केला, वास घेतला आणि म्हणाल्या, “अगं, हे तर गोणपाट आहे की! आपल्याकडे याच्यात शेंगा भरतात.” भिंग लावून पाहिलं तर खरंच उभा-आडवा विणलेला ताग. पामेटोचा धागा विणलेला नसतो, झाडानं जसा गुंतवला तसाच असतो. पाठीची शिवण उसवली तर आत उशीत भरतात तो पांढराशुभ्र पॉलिस्टरचा कापूस निघाला. शंभर वर्षं जपलेला म्हणे!

जाकीट मात्र तोवर ऑर्डर करून झालं होतं. ‘आमची आजी बिग सायप्रसला मशीनवर बसते, डिझाइन ऑसिओलाच्या घराण्यातलं आहे,’ ही त्याची दुसरी गोष्ट. ती तारखेवरच फसते. ऑसिओला १८३८ मध्ये गेला. हातानं फिरवायची शिवणयंत्रं सेमिनोल वस्त्यांवर पोचली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, आणि पट्ट्यांचं हे काम, म्हणजे पॅचवर्क, रुळलं १९१० ते १९२०च्या सुमारास. पुढे दलदलीतून पाणी काढून घेतलं गेलं, शिकारीवर पोट भरणं अवघड होत गेलं आणि १९२८ मध्ये टामियामी ट्रेल हा रस्ता खुला झाल्यावर पर्यटकांना बाहुल्या आणि कपडे विकणं हा कमाईचा मोठा आधार झाला. म्हणजे ‘ऑसिओलाच्या वेळचं पॅचवर्क’ असं काही नसतंच.

पार्सल आलं तेव्हा वरून जाकीट झकास दिसत होतं. लाल, पिवळे, काळे पट्टे आणि कडेनं नागमोडी लेस. आतून मात्र जाड अस्तर, चारी बाजूंनी पक्कं शिवलेलं. मी स्वतः शिवणकाम करते, त्यामुळे पट्ट्यांवरून बोट फिरवल्याबरोबर खटकलं. जिथे जोड हवेत तिथे कापड सपाट लागत होतं. खालच्या कडेचं अस्तर उसवलं. उलट्या बाजूला एकही जोड नव्हता, नुसता फिकट छापील रंग. पॅचवर्क छापलेलं एकसंध कापड आणि खऱ्याचा भास व्हावा म्हणून वरून लेस.

खरं काम कसं असतं ते सांगते, म्हणजे ओळखता येईल. आपल्या गोधडीत तुकडे अंथरून त्यावर धावदोरा घालतात. इथे एकरंगी सुती कापडाच्या लांब पट्ट्या शेजारी शेजारी जोडतात, तो जोड आडवा कापून छोटे तुकडे करतात आणि ते एक एक घर सरकवून किंवा तिरके करून पुन्हा शिवतात. त्यातून वीज, पाऊस, आग, बाण असे नमुने निघतात. त्यामुळे उलट्या बाजूला शिवणींची दाटी असते आणि बोटाला ती लागते. अस्तर असलेलं प्रत्येक जाकीट खोटं असं नाही, पण आतली बाजू दाखवायला विकणारा का-कू करत असेल तर पुढे चला.

आता पैशांचं. रक्कम मोबाइलवरून थेट त्याच्या खात्यात गेली होती. बँकेनं सरळ सांगितलं, तुम्ही स्वतः पाठवलेत, परत येणार नाहीत. त्यानं सोनेरी शिक्क्याचं ‘अस्सलतेचं प्रमाणपत्र’ दिलं होतं, पण त्यावर ना कारागिराचं नाव ना जमातीचं. पावतीवर छापलं होतं ‘सेमिनोल स्टाइल’. तोंडानं आजी, कागदावर स्टाइल. अमेरिकेच्या १९९०च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स ॲक्टप्रमाणे (इथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी) दुसऱ्यानं बनवलेली वस्तू मूळ रहिवाशांची म्हणून खपवणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यालाही अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, लहान रकमांना शिक्षा कमी. पण त्या शैलीत वस्तू बनवून तसं स्पष्ट सांगून विकायला बंदी नाही, आणि १९३५च्या आधीच्या वस्तू या कायद्याखाली येत नाहीत. ‘शंभर वर्षांची’ आणि ‘स्टाइल’ हे दोन्ही शब्द त्यानं उगाच वापरले नसावेत.

आणखी एक खूण. त्याच्या फलकावर ऑसिओलाच्या डोक्याला पिसांचा भलामोठा मुकुट होता आणि टेबलावर ड्रीमकॅचर, म्हणजे दोऱ्यांच्या जाळीची पिसं लावलेली कडी, टांगलेले. तो मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचा आणि ड्रीमकॅचर मुळात ओजिब्वे लोकांचे. सेमिनोल पुरुष पागोटं बांधत. जॉर्ज कॅटलिननं कैदेतल्या ऑसिओलाचं चित्र काढलंय, त्यातही तेच दिसतं. एकाच टेबलावर अशी सरमिसळ दिसली तर तो माल कारखान्यातून आलाय असं खुशाल समजा.

घ्यायचंच असेल तर आय-७५ हायवेच्या ४९ नंबरच्या एक्झिटनं आत वळून बिग सायप्रसला जा. संग्रहालयाचं स्वतःचं दुकान आहे. किंमत जास्त वाटेल, पण ज्या कामात एकेक पट्टी दोनदा कापून शिवायची त्याला तेवढे पडणारच. दुसरीकडे कुठे घेतलंत तर कारागिराचं नाव, जमात आणि ‘यांनी हातानं बनवलं’ एवढं पावतीवर लिहून मागा, आणि पैसे कार्डानं द्या. फसलात तर इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स बोर्डाकडे तक्रार करता येते. मी केली आहे. त्यांना जाहिरातीचा फोटो, पावती आणि विक्रेत्यानं लिहिलेले मेसेज उपयोगी पडतात, म्हणून चिडून काही डिलीट करू नका.