अटॅचमेंट थिअरी प्रॅक्टिसमध्ये आणायची आहे? आधी खोलीत कोण येणार ते बघा

ही थिअरी घडवणारे बोल्बी आणि एन्सवर्थ मानसशास्त्राच्या परीक्षेपुरते सगळ्यांनीच वाचलेले असतात. पंचाईत पुढे होते, कारण अटॅचमेंट थिअरी ही स्वतः उपचारपद्धती नाही. घाबरलेलं मूल कोणाकडे धावतं आणि तिथे आधार मिळाला नाही तर काय शिकतं, हे ती सांगते. सेशनमध्ये काय करायचं, हे तिच्यावर उभ्या राहिलेल्या पद्धती सांगतात. प्रशिक्षणावर पैसे घालण्याआधी त्यातल्या तीन पद्धती शेजारी ठेवून बघू.

जोडपी येत असतील, तर इमोशनली फोकस्ड थेरपी, म्हणजे ईएफटी. शरीरावर बोटांनी टिचक्या मारायची, टॅपिंगवाली ‘ईएफटी’ वेगळी, फॉर्म भरताना नीट बघा! स्यू जॉन्सन आणि लेस ग्रीनबर्ग यांनी 1980च्या दशकात कॅनडात ही मांडली. बायको बोलत सुटते, नवरा गप्प होतो. तो जितका गप्प, तितका तिचा आवाज चढतो. थेरपिस्ट कोण बरोबर याचा निवाडा करत नाही. हे चक्र दोघांना दाखवतो आणि रागाखालची भीती एकमेकांच्या तोंडावर बोलायला लावतो. साधारण 8 ते 20 सेशन लागतात. मात्र घरात मारहाण चालू असेल, तर ही पद्धत नको. सेशनमध्ये उघडं केलेलं दुखणं घरी गेल्यावर हत्यार म्हणून वापरलं जाऊ शकतं.

एकटी व्यक्ती येते, स्वतःला इजा करून घेते, प्रत्येक नातं टोकाला जाऊन तुटतं; अशा वेळी मेंटलायझेशन बेस्ड ट्रीटमेंट, म्हणजे एमबीटी. लंडनच्या बेटमन आणि फोनागी यांची ही पद्धत मला तिघींत सर्वांत अवघड वाटते, आणि सर्वांत शिकवणारीही. नातं तापलं की समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेण्याची क्षमता कोलमडते, हा तिचा पाया. म्हणून लहानपण उकरायची किंवा भारी अर्थ लावून दाखवायची घाई इथे अंगाशी येते. थेरपिस्ट थांबतो, मागे जातो: “मी घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?” थेरपिस्ट कंटाळलाय असं वाटलं असेल, तर ते खोडून न काढता तिथेच दोघांनी मिळून बघायचं. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 134 रुग्णांना 18 महिने उपचार दिले गेले. तुलनेतल्या साध्या, शिस्तबद्ध उपचारांनीही लोक सुधारले. पण आत्महत्येचे प्रयत्न आणि स्व-इजा एमबीटीत जास्त घटली. अडचण व्यवहाराची आहे. दर आठवड्याला वैयक्तिक सेशन आणि शिवाय गट, हे एकट्याच्या क्लिनिकमध्ये जमत नाही. दृष्टिकोन उचलता येईल, पण त्याला एमबीटी म्हणू नका.

निराश किंवा आत्महत्येचे विचार करणारी किशोरवयीन मुलं येत असतील, तर गाय डायमंड आणि सहकाऱ्यांची अटॅचमेंट-बेस्ड फॅमिली थेरपी. आधी कुटुंबाशी एकत्र, मग मुलाशी एकट्याने, मग पालकांशी एकट्याने बोलायचं, आणि तयारी झाल्यावरच समोरासमोर आणायचं. 12 ते 16 आठवड्यांचं काम. 2010च्या चाचणीत तिची सरशी झाली होती. 2019च्या मोठ्या चाचणीत मात्र आधार देणाऱ्या साध्या थेरपीहून ती सरस ठरली नाही. तरी पालकांशी एकट्याने बोलायची पायरी मला मोलाची वाटते: “तुम्ही पंधरा वर्षांचे असताना रडू आलं की कोणाकडे जायचात?” एवढ्यावर कडक वडीलही सैल होतात. मूल आजीकडे वाढलेलं असेल, तर आजीलाही बोलवा. खुद्द बोल्बीला दाईने सांभाळलं होतं, आणि ती गेल्याचा चटका त्याला लहानपणीच बसला होता.

नवरा यायलाच तयार नाही, ही आपल्याकडची नेहमीची गत. त्यासाठी पहिल्या पद्धतीचं एकट्या व्यक्तीसाठीचं रूपही आहे. माझा कल सुरुवातीला तिकडेच.

‘अटॅचमेंट थेरपी’ नावाने मुलांना जबरदस्तीने दाबून धरण्याचे प्रकारही विकले गेले आहेत. त्यांचा या तिन्ही पद्धतींशी संबंध नाही. 2000 साली अमेरिकेत कोलोरॅडोत ‘पुनर्जन्म’ घडवण्याच्या अशाच सेशनमध्ये 10 वर्षांची दत्तक मुलगी गुदमरून गेली आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने त्यावर बंदी घातली. कोणी असलं काही शिकवत असेल, तर फी परत मागा.