नजर गेलेल्या सशासाठी पिंजरा, कुंपण की मोकळं घर?

सशाला दिसत नाही हे कळलं की घरात पहिला विचार येतो पिंजऱ्याचा. बिचारा धडपडेल, त्यापेक्षा आत सुखरूप राहील. आमच्याकडेही तसंच झालं. आमची कापशी पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. सहाव्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यात दुधाळ ठिपका दिसला आणि पुढच्या वर्षभरात दोन्ही डोळे गढूळले. तिला आम्ही तिन्ही तऱ्हांनी ठेवून पाहिलं, म्हणून हे लिहितेय.

ससा मुळात आपल्यासारखं पाहतच नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण अगदी नाकापुढचं दिसत नाही. धडधाकट नजरेचा ससाही तोंडाशी धरलेलं कोथिंबिरीचं पान वासानं आणि ओठांनीच शोधतो. लाल डोळ्यांच्या सशांच्या डोळ्यात रंगद्रव्य नसतं, आत आलेला प्रकाश विखुरतो, त्यामुळे त्यांची नजर जन्मापासूनच कमी. डोकं हळूहळू दोन्हीकडे डोलवून ते अंतराचा अंदाज घेतात. म्हणजे नाक, कान आणि मिशा यांच्यावर भिस्त ठेवणं सशाला नवं नाही. नजर गेल्यावर त्याला खरी गरज असते ती न बदलणाऱ्या जागेची.

जागेच्या आधी मात्र एक गोष्ट पाहावी लागते: डोळा दुखतोय का? वयानं आलेला मोतीबिंदू बहुधा दुखत नाही आणि शस्त्रक्रियेशिवायही ससा छान जगतो. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढतो, डोळा मोठा, टपोरा दिसतो आणि दुखतो. औषधानं दाब उतरला नाही तर डोळा काढणंच दयेचं ठरतं. तरुण सशाच्या एका डोळ्यात पांढरा गोळा दिसला तर आईच्या पोटात असतानाच झालेला एका सूक्ष्म परजीवीचा संसर्ग हे कारण असू शकतं. सतत पाणी गळत असेल तर पशुवैद्याला दातही दाखवा, कारण वरच्या दातांची मुळं अश्रुनलिकेला खेटून असतात. घरात उरलेले माणसांचे थेंब मात्र घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर इजा वाढू शकते.

आता पिंजरा. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, मान वाकडी होऊन ससा लोळत असेल तेव्हा, किंवा प्रवासात तो हवाच. कायमचा म्हणून मला तो अजिबात पटत नाही. तारेच्या तळावर मागच्या पायांना जखमा होतात, हालचाल कमी झाली की पोट मंदावतं. शिवाय वरचं झाकण उघडून हात आत आला की न दिसणाऱ्या सशाला तो थेट घारीच्या झडपेसारखा वाटतो. कापशी तेव्हा कोपऱ्यात अंग चोरून बसायची. आणि उन्हाळ्यात बाल्कनीत ठेवलेला पिंजरा तर जिवावर बेतू शकतो. तिशीच्या पुढचं तापमान सशाला झेपत नाही.

मोकळं घर हे दुसरं टोक. एकच डोळा गेला असेल, किंवा ससा वर्षानुवर्षं त्याच घरात फिरलेला असेल, तर ते जमू शकतं. पण आपल्या घरात वस्तू जागच्या जागी राहतात कुठे! खुर्ची सरकते, बादली मधेच राहते, वायरी लोंबतात. एकदा पाहुण्यांची बॅग दाराशी होती. कापशी रोजच्या वाटेनं धावत आली आणि तिच्यावर आदळली. लागलं नाही, पण रात्रीपर्यंत ती पलंगाखालून हलली नाही, गवताला तोंड लावलं नाही. सशानं खाणं थांबवणं साधं नसतं. अर्धा दिवस खाणं नाही, लेंड्या नाहीत, तर पशुवैद्याला लगेच गाठायचं.

आम्ही शेवटी थांबलो ते कुंपणावर. हॉलच्या कोपऱ्यात साधारण चार फूट बाय आठ फुटांची जागा जाळीनं अडवली. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात म्हणून खाली सतरंजी, आणि शौचाच्या ट्रेपुढे काथ्याचं पायपुसणं, म्हणजे पायांनाच कळतं की ट्रे आला. पाण्याचं भांडं जड, मातीचं. गवताची जागा ठरलेली. पहिल्या दिवशी ती जाळीला मिशा टेकवत कडेकडेनं फिरली, प्रत्येक कोपऱ्याला हनुवटी घासली. हनुवटीखाली गंधग्रंथी असतात. ती आपला नकाशा काढत होती. चौथ्या दिवशी ती चक्क उडी मारून हवेत वळली. कित्येक महिन्यांत तसं पाहिलं नव्हतं. तिचा हा नकाशा वासाचा, म्हणून सगळं एकदम धुऊन काढू नका, फिनाइल तर नकोच. आज सतरंजी, चार दिवसांनी ट्रेचा कोपरा, असं करा, नाहीतर नकाशा पुसला जातो.

जोडीदार आणावा का? आधीपासून जोडी असेल तर ती तोडू नका. डोळस ससा आंधळ्याला खूप आधार देतो. नवा आणायचा असेल तर मात्र आधी जागा अंगवळणी पडू द्या, दोघांची नसबंदी करून घ्या आणि पहिली भेट तिसऱ्याच खोलीत घडवा. नराची प्रजननक्षमता शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे टिकते आणि मादी महिन्याभरात विते, तेव्हा लगेच एकत्र सोडू नका.

स्पर्शाआधी आवाज द्यायचा, हा आमच्या घरातला नियम. दारातूनच 'आले गं कापशे' म्हणायचं. तिचा एक कान वळतो, नाक हलायला लागतं, मग हात खाली, तिच्या नाकाशी धरायचा. तिनं हुंगून डोकं पुढे केलं की कपाळावरून बोट फिरवायचं.