वाको जागतिक किकबॉक्सिंग स्पर्धा : तिकीट शेवटच्या दिवसाचे नको, पहिल्या दिवसांचे काढा

हौशी किकबॉक्सिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेविषयी मराठीत जे वाचायला मिळते ते बहुधा पदकाच्या बातमीपुरते असते. कोणीतरी पदक जिंकले, गावात मिरवणूक निघाली, आमदारांनी सत्कार केला, एवढे सगळे छापून येते. पण तो खेळाडू नेमक्या कोणत्या प्रकारात आणि कोणत्या नियमांखाली लढला, याचा बातमीत मागमूस नसतो. त्यामुळे ही स्पर्धा पाहण्याजोगी आहे का, असल्यास तिच्यातले काय पाहावे आणि काय सोडले तरी चालेल, हे प्रेक्षकाच्या बाजूने लिहावेसे वाटले. वाको (वर्ल्ड असोसिएशन ऑफ किकबॉक्सिंग ऑर्गनायझेशन्स) या संघटनेची प्रौढ गटाची जागतिक स्पर्धा विषम वर्षी भरते. २०१७ मध्ये ती बुडापेस्टला, २०२१ मध्ये इटलीतील येसोलोला, २०२३ मध्ये पोर्तुगालमध्ये आणि २०२५ मध्ये अबू धाबीला झाली. लहान मुले, कॅडेट आणि ज्युनियर या वयोगटांची जागतिक स्पर्धा सम वर्षी असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. स्पर्धेची बांधणी भक्कम आहे, मात्र ज्या शेवटच्या दिवसाकडे सगळे धाव घेतात तो तिचा सर्वोत्तम दिवस नव्हे. रिंगमधल्या अंतिम लढतींच्या वाट्याला दिवे, संगीत आणि निवेदक येतात. या खेळाची खरी खोली कळते ती त्याआधीच्या दिवसांत, एकाच सभागृहात शेजारी शेजारी मांडलेल्या मॅटवर, आणि त्यातही पॉइंट फायटिंगच्या, म्हणजे फटका लागताच लढत थांबवून गुण देण्याच्या प्रकाराच्या, मॅटपाशी.

याचे मूळ संघटनेच्या इतिहासात आहे. वाकोची स्थापना १९७६ मध्ये झाली, गेओर्ग ब्रुकनर हे तिचे प्रमुख संस्थापक, आणि पहिली जागतिक स्पर्धा १९७८ मध्ये बर्लिनमध्ये भरली. त्याच्या थोडे आधी, १९७४ मध्ये, लॉस एंजेलिसला फुल कॉन्टॅक्टच्या, म्हणजे पूर्ण ताकदीने फटके मारण्याच्या, पहिल्या मोठ्या विजेतेपद लढती झाल्या होत्या. कराटेतील ‘मारा, थांबा, गुण मोजा’ या पद्धतीला कंटाळलेले अमेरिकी खेळाडू पूर्ण ताकदीच्या लढतींकडे वळू लागले होते. वाकोने या दोन्ही वाटा एकाच छपराखाली आणल्या आणि पुढे त्यांत भरच घातली. आज मॅटवर पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट, किक लाइट आणि क्रिएटिव्ह फॉर्म्स, तर रिंगमध्ये फुल कॉन्टॅक्ट, लो किक आणि के-वन असे सात प्रकार खेळले जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या संघटनेला २०१८ मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली, ती हा सगळा पसारा गृहीत धरूनच.

पसारा म्हणजे किती, याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. प्रौढ गटाच्या प्रचलित वजनगटांनुसार रिंगमध्ये पुरुषांचे ५१ किलोखालील गटापासून ९१ किलोवरील गटापर्यंत १२ आणि महिलांचे ४८ किलोखालील गटापासून ७० किलोवरील गटापर्यंत ७ गट होतात. मॅटवर पुरुषांचे ९ आणि महिलांचे ६. तीन रिंग प्रकार आणि तीन मॅट प्रकार यांची बेरीज केली, तर फॉर्म्स आणि सांघिक लढती वगळूनच १०२ सुवर्णपदके भरतात. शिवाय उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. तेव्हा ‘जागतिक पदकविजेता’ हे शब्द वाचताना प्रकार आणि वजनगट विचारून घेणे योग्य. यात खेळाडूचा अवमान नाही, उलट त्याने नेमके काय केले हे समजून घेण्याचा तोच एक मार्ग आहे.

पॉइंट फायटिंग पूर्वी सेमी कॉन्टॅक्ट या नावाने ओळखले जाई. दोन्ही खेळाडू अंगाची एक बाजू पुढे करून तिरके उभे राहतात, पुढचा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला असतो, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. मग पापणी लवायच्या आत एक जण अंतर तोडतो, ठोसा किंवा लाथ लागते, मुख्य पंच ‘स्टॉप’ म्हणतो आणि तीन पंचांपैकी किमान दोघांचे एकमत झाले तरच गुण दिला जातो. हाताच्या फटक्याला १, अंगावरच्या लाथेला १, डोक्यावरच्या लाथेला २, उडी मारून अंगावर बसलेल्या लाथेला २ आणि उडी मारून डोक्यावर लागलेल्या लाथेला ३ गुण. नियमाप्रमाणे घोट्यापाशी पाय मारून प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर टेकायला लावले तरी गुण मिळतो. दोघांमधला फरक १० गुणांचा झाला की लढत तिथेच संपते.

गुणांची ही उतरंड लढतीला सतत उलथवत राहते. दोन गुणांनी पुढे असलेला खेळाडू शेवटच्या अर्ध्या मिनिटात मागे सरकू लागतो, पण मॅटबाहेर गेल्यास ताकीद आणि वारंवार गेल्यास शिक्षा असल्यामुळे त्याला नुसते पळून भागत नाही. समोरच्याला मात्र डोक्यावर एकच उडती लाथ बसवली तरी पुरते. कबड्डीत शेवटच्या चढाईला गुणफलकाकडे बघत बोनस रेषेवर पाय टाकणारा खेळाडू ज्याने पाहिला आहे, त्याला ही घालमेल वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मॅटजवळ बसावे, असे मी आग्रहाने सांगतो ते याचसाठी. पडद्यावर फक्त लागलेला फटका दिसतो, तर जवळून त्याआधीची हुलकावणी दिसते: खांदा हलतो, कंबर किंचित वळते, प्रतिस्पर्धी डोके झाकायला हात वर नेतो आणि त्याच क्षणी बरगडी उघडी पडते. पुढे व्यावसायिक मिश्र मार्शल आर्ट्समध्ये नाव कमावलेला ब्रिटनचा मायकेल पेज याच प्रकारातून आला, आणि दूर उभे राहून अचानक आत शिरण्याची त्याची लकब मॅटवर घडलेली आहे. ‘हा काय खेळ, नुसत्या टिवल्याबावल्या’ असे म्हणणाऱ्या रिंगप्रेमींना एवढे उदाहरण पुरावे.

लाइट कॉन्टॅक्ट आणि किक लाइट यांच्याबाबत मात्र माझे समाधान झालेले नाही. दोन्ही मॅटवर खेळले जातात, दोन्हींत लढत न थांबता चालते, आणि फटका नियंत्रित असला पाहिजे, पूर्ण ताकदीचा नको, अशी अट दोन्हींना आहे. फरक मुख्यतः एवढाच, की किक लाइटमध्ये मांडीवर लाथ मारता येते. लाइट कॉन्टॅक्टचा खेळाडू लांब पँट घालतो, तर किक लाइटचा चड्डीत उतरतो. मॅटच्या तीन बाजूंना बसलेले तीन पंच फटका दिसताच हातातले बटण दाबतात आणि ज्याच्या बाजूने अधिक पंच तो जिंकतो. अडचण अशी, की लढत न थांबल्यामुळे कोणता गुण कशासाठी गेला हे प्रेक्षकाला कळायला काही आधार उरत नाही, आणि ‘नियंत्रित’ म्हणजे किती, हे ठरवणे शेवटी पंचाच्या हाती राहते. अंगावर बसवलेल्या दोन सणसणीत लाथांपेक्षा चार हलके, नेमके ठोसे अधिक मोलाचे ठरतात, तेव्हा नियमाप्रमाणे निकाल बरोबर असतो. तरी नवख्या प्रेक्षकाच्या कपाळावर आठी उमटतेच. सरावाच्या दृष्टीने हे दोन्ही प्रकार उत्तम आहेत, कारण रिंगमध्ये उतरण्याआधी अंतर, श्वास आणि संयम शिकवणारी दुसरी जागा सापडणे कठीण. तरीही जागतिक स्पर्धेत दोन्हींची स्वतंत्र पदके हवीत का, हा प्रश्न राहतो. २०२३ च्या युरोपियन गेम्समध्ये किकबॉक्सिंगला जागा मिळाली तेव्हा निवड करणे भाग होते, आणि तिथे पॉइंट फायटिंग, लाइट कॉन्टॅक्ट व फुल कॉन्टॅक्ट एवढेच प्रकार ठेवले गेले. कात्री लावायची वेळ आली की ती कुठे लागते, हे त्यावरून दिसते.

रिंगमधले तिन्ही प्रकार समजायला सोपे आहेत. प्रौढांच्या लढती साधारणपणे दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या असतात, आणि हौशी स्पर्धा असल्यामुळे हेल्मेट, १० औंसांचे ग्लोव्हज, नडगीची गार्ड्स, दातांचे गार्ड हा सगळा जामानिमा सक्तीचा असतो. फुल कॉन्टॅक्टमध्ये कमरेच्या वरच लाथ चालते. त्यामुळे लढत पुष्कळदा बॉक्सिंगकडे झुकते, आणि ज्याच्या कमरेत लवचिकपणा आहे तोच तिला किकबॉक्सिंग म्हणून टिकवून धरतो. लो किकमध्ये मांडीवर लाथ मारता येते आणि एवढ्या एका सवलतीने सगळे चित्र पालटते. पहिल्या फेरीत मांडीवर बसलेल्या लाथेचा धप्प असा आवाज प्रेक्षागृहात मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो, पण चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर तोच खेळाडू पुढच्या पायावर वजन टाकायचे टाळू लागतो, त्याचा ठोसा अर्ध्या वितीने तोकडा पडतो, आणि तिसऱ्या फेरीत तो जागेवरून हलेनासा होतो. एका लढतीचा असा हळूहळू होणारा उतार तिन्ही प्रकारांत इथेच सर्वांत स्पष्ट दिसतो. माझ्या दृष्टीने रिंगमधला हा सर्वांत कसदार प्रकार आहे.

गर्दी मात्र के-वनची असते. जपानमध्ये १९९३ पासून गाजलेल्या व्यावसायिक स्पर्धेमुळे ते नाव घरोघरी पोहोचले. या प्रकारात गुडघ्याचा वापर चालतो, प्रतिस्पर्ध्याला क्षणभर धरूनही ठेवता येते, पण थाई बॉक्सिंगप्रमाणे कोपर मारता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅमला झालेल्या वर्ल्ड गेम्समध्ये किकबॉक्सिंग म्हणून हा एकच प्रकार होता. वेग आणि दणका दोन्ही असल्यामुळे तो दूरचित्रवाणीला शोभतो. परंतु हेल्मेट घालून, सहा मिनिटांत, सलग काही दिवस लढणाऱ्या हौशी खेळाडूकडून व्यावसायिक के-वनसारखे नॉकआउट अपेक्षिणारा प्रेक्षक हमखास नाराज होऊन परततो. इथला शहाणा खेळाडू उद्याच्या लढतीसाठी पाय राखून ठेवतो.

क्रिएटिव्ह फॉर्म्स म्हणजे संगीताच्या तालावर, शस्त्रासह किंवा शस्त्राविना सादर केलेले काल्पनिक युद्ध. कसरत म्हणून डोळे दिपतात; लढत पाहायला आलेल्याने ती वेळ जेवणासाठी वापरली तरी हरकत नाही.

प्रत्यक्ष जाणे शक्य असेल तर दिवसाचा क्रम आणि लढतींचे ड्रॉ स्पोर्टडेटा या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावेत, कारण एकाच वेळी अनेक मॅट आणि रिंग चालू असतात आणि सभागृहात पोहोचल्यावर कोणाची लढत कुठे हे शोधण्यातच सकाळ निघून जाते. सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. एक मॅट, एक वजनगट निवडावा आणि तो पहिल्या फेरीपासून उपांत्य फेरीपर्यंत धरून ठेवावा. पुरुषांचा ६९ किंवा ७४ किलोखालील पॉइंट फायटिंग गट मला विशेष आवडतो; तिथे उंची, वेग आणि डोके या तिन्हींचा मेळ जमतो. घरून इंटरनेटवरच्या प्रक्षेपणावर पाहायचे असेल तर हा सल्ला उलटा करावा: पडद्यावर मॅटपेक्षा रिंग बरी दिसते, आणि लो किकच्या उपांत्य लढती पाहणे सर्वांत फायद्याचे.

आता मुलामुलींना या खेळात घालणाऱ्या आपल्याकडच्या पालकांसाठी थोडे. ‘आंतरराष्ट्रीय’ अशी पाटी लावून एखाद्या मंगल कार्यालयात भरणाऱ्या आणि तीन-चार मुलांचा एकेक गट करून प्रत्येकाच्या गळ्यात पदक घालणाऱ्या स्पर्धा महाराष्ट्रात काही कमी नाहीत. किकबॉक्सिंगच्या संघटना जगात अनेक आहेत आणि प्रत्येकीचा ‘विश्वविजेता’ वेगळा असतो. प्रवेश शुल्क भरण्याआधी स्पर्धा कोणत्या संघटनेची, भारतातील वाको इंडिया किकबॉक्सिंग फेडरेशनशी तिचा काही संबंध आहे का, आणि मुलाच्या वजनगटात किती नावे आली आहेत, हे तीन प्रश्न प्रशिक्षकांना निःसंकोच विचारावेत. सरळ उत्तर देणारे प्रशिक्षक पुष्कळ भेटतात. जे चिडतात त्यांच्याविषयीही तेवढ्यात पुरेसे कळते.

प्रकाराची निवड मुलाच्या स्वभावावर सोडावी. चपळ, चौकस, हरल्यावर ‘कसा लागला तो पॉइंट?’ असे विचारणाऱ्या मुलाला पॉइंट फायटिंग मानवते, तर दमसास चांगला असलेल्या आणि थांबणे न आवडणाऱ्याला किक लाइट. रिंगची घाई करण्याचे काहीच कारण नाही. आणि सामान घ्यायला मुंबईत धोबी तलावच्या बाजारात जाणार असाल तर नुसते ‘किकबॉक्सिंगचे ग्लोव्हज दाखवा’ असे म्हणू नका, समोर बॉक्सिंगचे ग्लोव्हज येतील. पॉइंट फायटिंगचा ग्लोव्ह आतून उघडा असतो, बोटे मोकळी राहतात आणि तो वजनाला हलका असतो. लाइट कॉन्टॅक्ट आणि किक लाइटला बंद मुठीचा ग्लोव्ह लागतो. पायाला फूट गार्ड आणि नडगीला गार्ड दोन्हीकडे हवेच. प्रशिक्षकांकडून प्रकाराचे नाव कागदावर लिहून नेले तर एक जोडी वाया जात नाही.