गिळण्याच्या उपचारांसाठी पुण्यातील एक वाचा-श्रवण केंद्र : दीड महिन्याचा अनुभव

वाचा-श्रवण केंद्रात तोतरेपणावर उपचार होतात आणि श्रवणयंत्रे मिळतात, एवढीच माझी समजूत होती. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वडिलांना चहा पिताना ठसका लागू लागला, तेव्हा मेंदूविकारतज्ज्ञांनी गिळण्याच्या तपासणीसाठी अशाच एका केंद्रात पाठवले.

पहिली भेट तासाभराची होती. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या थेरपिस्ट बाईंनी चमचाभर पाणी, मग दही, मग बिस्किट देऊन प्रत्येक घासाला गळ्यावर बोटे ठेवून स्वरयंत्र वर उचलले जाते का ते पाहिले आणि लगेच वडिलांना ‘आ’ म्हणायला लावले. पाण्यानंतरचा ‘आ’ ओलसर, गुळण्या केल्यासारखा आला. ठसका न लागताही अन्न श्वासनलिकेत उतरू शकते, म्हणून नुसत्या खोकल्यावर भिस्त ठेवू नये, असे सांगून त्यांनी बेरियमयुक्त घासाची क्ष-किरण चित्रफीत रुग्णालयातून काढून आणायला लावली. हनुवटी छातीकडे झुकवल्यावर पाणी श्वासमार्गात जाणे थांबते, हे त्या चित्रफितीत दिसले, तेव्हाच ती पद्धत शिकवली. सर्वच रुग्णांना ती लागू पडत नाही.

खरा उपयोग झाला तो स्वयंपाकघरात. पचायला हलका म्हणून आम्ही देत होतो तो पातळ वरणभातच धोक्याचा होता, कारण शिते तोंडात घोळत असतानाच वरणाचे पाणी घशाकडे धावते. आता भात वरणात घोटून एकजीव करतो, ताकाऐवजी घट्ट दही देतो आणि चहात दाटपणा आणणारी पूड घालतो. दाटपणाही अंदाजाने ठरवायचा नसतो : त्यांनी दिलेल्या १० मिलीच्या सिरिंजमधून १० सेकंद चहा वाहू दिल्यावर ४ ते ८ मिली उरला पाहिजे.

त्रुटी दोन. अहवाल फक्त इंग्रजीत मिळतो, त्यामुळे आईसाठी सूचना मलाच मराठीत लिहून काढाव्या लागल्या. शिवाय केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही. अर्धांगवायूच्या रुग्णांना बोलावणाऱ्यांना हे सुचू नये, याचे नवल वाटते. दर बैठकीचे ७०० रुपये मात्र मला वाजवी वाटले.

सध्या वडील पाणी चमच्याने पितात, जेवण ठसक्याविना होते, आणि दाट चहाबद्दल त्यांची रोजची कुरकुर चालूच आहे.