साडेनऊ हजारांचं वारली चित्र, आणि काच काढल्यावर निघालेला छाप

पुण्यातल्या एका कुटुंबाने प्रदर्शनातल्या स्टॉलवरून दोन बाय तीन फुटांचं वारली चित्र घेतलं. समुद्रकाठचं गाव, माडांची रांग, होड्या, जाळं ओढणारी माणसं, मधोमध तारपा (फुंकून वाजवायचं वारली वाद्य) नाच. ‘डहाणूच्या कलाकाराने हाताने काढलंय, तांदळाच्या पिठाने’ असं सांगून ९,५०० रुपये घेतले. पुढे फ्रेम बदलताना काच निघाली आणि कळलं, हा कापडावर काढलेला डिजिटल छाप.

समुद्र दिसला म्हणून वारली खोटी, असं मुळीच नाही. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, २०११) यांनी मासेमारीचं जाळं रंगवलं ते आजही डोळ्यांचं पारणं फेडतं. शंका घ्यायची ती रेषेवर. बांबूची काडी पिठात बुडवली की रेषा आधी भरीव येते, मग विरळ होत जाते, आणि पुन्हा बुडवल्याचा सांधा दिसतो. डिंक घातलेलं पीठ कापडावर किंचित उंच बसतं. मोबाइलचा टॉर्च चित्राला अगदी आडवा धरला तर त्याची सावली पडते. छापात पांढरी रेषा म्हणजे बहुधा शाई न लागलेलं कोरं कापड. दहापट भिंगातून पाहिलं तर पार्श्वभूमीचा गेरूसारखा तपकिरी रंग गुलाबी, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांत फुटतो.

इथली लबाडी त्याच्या पुढची होती. छापावर मोजक्या जागी पांढऱ्या ॲक्रिलिकचे ठिपके हाताने दिले होते, बोट फिरवलं की खरबरीत लागावं म्हणून. त्यामुळे एकाच जागी तपासू नका. जाळ्याच्या बारीक गाठी पाहा, तिथे कोणी हात फिरवत बसत नाही. सगळे माड एकाच कोनात वाकलेले आणि बायकांचा पाय एकाच जागी मुडपलेला असेल, तर आकृत्या संगणकावर चिकटवलेल्या आहेत. नुसतं ॲक्रिलिक दिसलं म्हणून मात्र चित्र नाकारू नका, आज कितीतरी चांगले वारली कलाकार ते वापरतात.

चित्रामागे भौगोलिक मानांकनाचं (जीआय, म्हणजे वस्तू ठरावीक प्रदेशातलीच असल्याची सरकारी ओळख) बोधचिन्हही चिकटवलं होतं. स्टिकर कोणीही छापतो. अधिकृत वापरकर्त्याचं, म्हणजे हे मानांकन वापरायला नोंदणी झालेल्याचं नाव विचारून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर पडताळा.

खरी मेख बिलात होती: ‘वॉल डेकोर, १ नग’. त्यामुळे तक्रार लंगडी पडते. बिलावर ‘हस्तचित्रित’, कलाकाराचं नाव आणि गाव लिहून घ्या, विक्रेत्याचे मेसेज जपून ठेवा. फसलात तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत आहे आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही. काच काढून चित्र दाखवायला विक्रेता तयार नसेल, तर पैसे देऊच नका.