माथेरानला कुणी ‘आज बंद आहे’ म्हटलं तर

इंदूरहून पुण्याच्या गाडीने निघायचं, कल्याणला उतरायचं, कर्जत लोकलने नेरळ गाठायचं आणि तिथून टॅक्सीने वर दस्तुरी नाका. सुट्टीत माथेरानला जाणाऱ्या आपल्या इकडच्या मराठी मंडळींचा हा नेहमीचा रस्ता. लुबाडणूक होते ती अगदी शेवटच्या टप्प्यात, दस्तुरीला. आमची झाली, गेल्या दिवाळीत. आता उन्हाळ्याचे बेत सुरू होतील, म्हणून सविस्तर लिहिते.

दस्तुरीच्या पुढे मोटारी जात नाहीत. तिथून माथेरानचा बाजार अडीच-तीन किलोमीटर. चालत जा, घोडा घ्या (आम्ही गेलो तेव्हा हातरिक्षाही होत्या), ई-रिक्षा मिळाली तर उत्तम, नाहीतर अमन लॉज स्टेशनवरून छोटी गाडी, म्हणजे शटल. अमन लॉज नाक्यापासून काही मिनिटांवर आहे. पण नवख्या माणसाला ते दिसत नाही आणि दिसू नये अशीच सगळी व्यवस्था असते.

टॅक्सीतून बॅगा खाली ठेवतोय तोवर गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी अडकवलेला एक तरुण जवळ आला. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, “मराठी माणसं दिसता, म्हणून खरं सांगतो काकू. मिनी ट्रेन बंद आहे. ई-रिक्षावाल्यांचा संप चालू आहे. उन्हं उतरायच्या आत घोडे घ्या, नंतर तेही मिळणार नाहीत.” शेजारच्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. सासूबाईंचे गुडघे त्याने आमच्याआधी ओळखले होते. त्यांच्यासाठी हातरिक्षा दीड हजार, बाकी चौघांना घोडे माणशी सातशे, सामानाच्या हमालाचे सहाशे. पैसे आगाऊ, त्याच्याच हातात. पावती मागितली तर म्हणे, “इथे पावती चालत नाही, विश्वास चालतो.”

या थापेत खोटं किती थोडं होतं ते बघा. नेरळहून वर येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते आणि दिवाळीपर्यंत सुरू झालेली असेलच असं नाही. म्हणजे ‘ट्रेन बंद’ हे अर्धं खरं. पण अमन लॉज ते माथेरान ही शटल वेगळी, ती चालू होती. ई-रिक्षांचं प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात गाजलेलं. डिसेंबर २०२२मध्ये त्या आधी प्रायोगिक म्हणून आल्या, त्यामुळे आज आहेत की नाहीत याचा बाहेरच्या माणसाला पत्ता नसतो. आणि पुढे बाजारात ऐकवला तो ‘माथेरान बंद’? तसा बंदही एकदा झाला होता. १८ मार्च २०२५ला माथेरानकरांनी बेमुदत बंद पुकारला, हॉटेलं-दुकानं मिटली आणि प्रवाशांचे हाल झाले. कारण काय, तर दस्तुरीला पर्यटकांना खोटी माहिती देऊन लुटतात, ते थांबवा! बंद लवकरच मागे घेतला गेला, पण त्याची बातमी सगळीकडे पोचली. आता तेच दलाल ती बातमी वापरतात. ज्यांच्याविरुद्ध बंद झाला, त्यांनाच त्या बंदाने नवी थाप पुरवली. कुठेतरी वाचलेलं आठवतं आणि माणूस मान डोलावतो.

अर्ध्या वाटेवर शिट्टी ऐकू आली. आधी धाकट्याला. “आजी, गाडी!” करून तो घोड्यावर असा काही उसळला की घोडेवाल्याने लगाम आवळला. झाडांमधून ती चिमुकली गाडी डुलत डुलत आमच्या शेजारून पुढे गेली. खिडक्यांतली पोरं आम्हाला हात करत होती. आमच्या घोडेवाल्यांपैकी एकानेही मान वर केली नाही.

हातरिक्षा मागे राहिली होती. पुढे एक ओढणारा, मागे दोन ढकलणारे, लाल मातीचा चढ. सासूबाईंना ते बघवेना, दर वळणाला “थांबा हो जरा” चाललेलं. शेवटी त्यांनी पिशवीतून शेवेची पुडी काढली. इंदूरच्या माणसाच्या सामानात शेव नसेल असं होत नाही. शेव खाता खाता पुढच्याने सांगितलं, दीड हजारांतले सहाशे आम्हा तिघांत, बाकीचे नाक्यावरच राहिले. “गाडी चालू असते आई, पण आम्ही बोललो तर उद्या सवारी मिळत नाही.” ६ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने या हातरिक्षा सहा महिन्यांत थांबवा असा आदेश दिला आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्यासाठी गुजरातमधल्या केवडियाचं उदाहरण दिलं. त्या माणसाला ई-रिक्षा मिळाली असेल तर मला मनापासून आनंद आहे. राग त्याच्यावर नाही. सगळे घोडेवाले लबाड असंही मी म्हणत नाही. पोट त्याच तीन किलोमीटरवर भरायचं असेल तर शटल आणि ई-रिक्षा डोळ्यांत खुपणारच. पण ते भांडण त्यांनी सरकारशी भांडावं, आमच्या खिशाशी नको. आणि उगाच नाकं मुरडायलाही नकोत. महाकालला आलेल्या पाहुण्यांना उज्जैनला रिक्षावाले काय कमी गोष्टी सांगतात?

बाजारात पोचल्यावर दुसरा अंक. “हा रेट बाजारापर्यंतचा, हॉटेलचे वेगळे.” वर, तुमचं हॉटेल बंदमुळे उघडं नसेल, दुसरं दाखवतो, हेही. तेव्हा मी हॉटेलला फोन लावला. पलीकडून विचारलं, “कसला बंद?” मग मात्र एक पैसा दिला नाही. तक्रारही लिहून दिली, पण पावती नाही, नाव माहीत नाही, पुढे काय होणार.

हाच फोन दस्तुरीला लावायचा. खरा बंद असला तर हॉटेलवाल्याला आधी कळतं, कारण त्याचीच गिऱ्हाइकं अडकतात. बॅगा घेऊन गर्दीतून सरळ पुढे चालत राहायचं, अमन लॉजच्या खिडकीवर स्वतः विचारायचं. शटलला डबे थोडे, शनिवार-रविवारी रांग लांब, तेव्हा दुपारच्या आत पोचलेलं बरं. घोडा हौसेने घ्यायचा असेल तर जरूर घ्या, मुलांना मजा येते. पण ‘हॉटेलच्या दारापर्यंत, सामानासकट’ असं बोलून घ्या आणि पैसे उतरल्यावर, ज्याने आणलं त्याच्याच हातात द्या.

परतताना आम्ही शटलनेच खाली आलो. पाचही जणांची तिकिटं मिळून एका घोड्याच्या भाड्याइतके पैसेही झाले नाहीत.